जाळीबाहेरून, माध्यम-समन्वयक महोदयांस

माननीय माध्यम-समन्वयक महोदय,



आधी आपले आभार मानते. माध्यम-पाससाठीचा माझा अर्ज गेला न गेला तोच 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे' असं आपलं उत्तर आलं. मग शर्यत झाली, करंडक वाटले गेले, ट्रॅकसाठी आणून टाकलेली माती पुन्हा डंपरमध्ये भरून गेली. दुसरं उत्तर आलं नाही. नकार कळवायचा तर कारण द्यावं लागतं आणि कारण दिलं की समोरचा माणूस त्यावर बोलतो. ती वेळ आपण येऊच दिली नाहीत. माझ्या बोलण्याचा आपल्याला त्रास होऊ नये, म्हणून जे एकट्या आपल्याशी बोलायचं होतं ते आता चारचौघांत बोलते आहे.

मी कोल्हापूरची. मोटारसायकलींच्या आणि मोटारींच्या शर्यतींचे फोटो काढते. कॅमेऱ्याचं वेड या गावाला नवं नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. गाड्यांचं वेडही तितकंच जुनं आहे. इथली पोरं कार्टिंगच्या ट्रॅकवर जितक्या गंभीरपणे उतरतात तितक्याच गंभीरपणे तालमीत. ही दोन्ही वेडं माझ्यात एकत्र आली. मला हेच काम पोटापाण्यासाठी करायचं आहे. त्यासाठी आपल्याकडे मागते आहे ते एवढंच: गळ्यात एक पास, अंगावर माध्यमांची ओळख सांगणारं एक बिब, आणि जाळीच्या आत उभं राहण्यापुरती जागा. तीही आपले मार्शल बोट दाखवतील तिथंच.

आपला अर्ज फार विचारपूर्वक तयार केलेला आहे, याबद्दल आपलं अभिनंदन. पहिल्या रकान्यात आपण मोटरस्पोर्टच्या प्रकाशित छायाचित्रांची कात्रणं मागता. दुसऱ्या रकान्यात संपादकांचं पत्र मागता, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. कात्रणं असायची तर फोटो छापून आले पाहिजेत. छापण्याजोगे फोटो मिळायचे तर आत उभं राहिलं पाहिजे. आत उभं राहायचं तर कात्रणं पाहिजेत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही आमच्याकडची म्हण आपण अर्जाच्या रूपात छापून काढलीत.

संपादकांच्या पत्रासाठी मी एका दैनिकाच्या कचेरीत गेले. क्रीडा पान बघणारे गृहस्थ भले होते. त्यांनी माझे फोटो एकेक करून पाहिले, मोठे करून पाहिले, दोन-तीन ठिकाणी थांबले. मग आपल्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर आपल्याच कार्यालयाचा मेल होता. विजेते करंडक घेऊन उभे, मागे प्रायोजकांचे फलक, खाली ओळी तयार, आणि तळाशी 'विनामूल्य वापरासाठी' असं ठळक अक्षरांत. ते म्हणाले, 'हे घरबसल्या येतं. मग मी माणूस कशाला पाठवू? आणि माणूस पाठवणार नसेन तर पत्र कशाचं देऊ?'

महोदय, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. पण त्या दिवशी मला आपल्या कारभाराची पूर्ण ओळख झाली, त्याबद्दल ऋणी आहे. वर्तमानपत्रानं पत्र दिलं तरच पास, असा नियम आपण करता. वर्तमानपत्राला पत्र देण्याची गरजच उरू नये, अशी सोयही आपणच करता. आणि करंडक-वाटपाचा तोच एक फोटो वर्षानुवर्षं, फक्त चेहरे बदलून, सगळीकडे छापून येतो. त्यात शर्यत कुठंच नसते. गाडीसुद्धा नसते. एक हसणारा थकलेला मुलगा असतो आणि त्याच्या डोक्यामागे तेलाच्या डब्याची जाहिरात.

आता जाळीबद्दल आभार. आपण मला बाहेर ठेवलंत म्हणून मी जाळीतून फोटो काढायला शिकले आणि ही विद्या माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. लेन्सचं हूड काढायचं, लेन्सचं तोंड तारेला जवळजवळ टेकवायचं, ॲपर्चर जेवढं उघडेल तेवढं उघडायचं, लांब पल्ल्याची लेन्स लावायची आणि गाडी जाळीपासून चांगली दूर असतानाच टिपायची. तार इतकी धूसर होते की फोटोत ती उरतच नाही. मात्र तारेवर ऊन पडलं असेल तर सगळ्या चित्रावर पांढुरकी झाक चढते. म्हणून सावलीतली जाळी शोधायची. दुपारी ती सावली बहुधा जाहिरातीच्या फ्लेक्समागे असते, आणि फ्लेक्सच्या काठाला चिकटून उभं राहिलं की आपले सुरक्षारक्षक उठवतात. ते त्यांचं काम करतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पॅनिंगही मी बाहेरच शिकले. मोटारसायकल १/२००० सेकंदाला टिपली की चाकाचे आरे मोजता येतात आणि गाडी स्टँडवर लावून ठेवल्यासारखी दिसते. वेग दाखवायचा तर शटर १/६० पर्यंत, धीर असेल तर १/३० पर्यंत खाली आणावं लागतं. पाय रोवून, कमरेपासून वर सगळं शरीर गाडीबरोबर फिरवावं लागतं आणि शटर दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नसतं. डझनावारी फोटो वाया जातात आणि एखाद्यात हेल्मेट धारदार उतरतं, बाकी सगळं जग रेघोट्या होऊन मागे जातं. तो एक फोटो मिळाला की दिवसभराचं ऊन विसरायला होतं.

पण जाळीबाहेरून जे मिळत नाही तेच या खेळाचं खरं आहे. वळणावर ब्रेक दाबताना हेल्मेटच्या काचेआड बारीक झालेले डोळे बाहेरून दिसत नाहीत. टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून, उडालेली गाडी खालून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर टिपायची तर मातीत बसावं लागतं; बाहेर बसलं की समोर फक्त पत्रा. चिखलात पडलेला मुलगा स्वतःच्या वजनाहून जड गाडी उचलतो, किकस्टार्टवर पुन्हा पुन्हा पाय मारतो, बाकीचे त्याला एका फेरीनं मागे टाकतात आणि तरी तो शर्यत पूर्ण करतो. हा फोटो मला हवा आहे. तो कुणाच्याही प्रेसनोटमध्ये येत नाही, कारण त्याच्या हातात शेवटी करंडक नसतो.

आपण ज्यांना आत सोडता त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. आपलं आतिथ्य उदार आहे. प्रायोजकांच्या घरची मंडळी, त्यांचे मित्र, फोनवर स्वतःचे व्हिडिओ करणारी लोकप्रिय मुलं-मुली, सगळ्यांना आपण मीडियाचं बिब देता. त्यांच्याकडे कात्रणं नसतात. संपादकांचं पत्रही नसतं. त्यांच्या अर्जाचे ते रकाने आपण कोरेच स्वीकारलेत, म्हणजे रकाने कोरे ठेवून आत जाता येतं हे आपल्याला ठाऊक आहे. मला फक्त हे विचारायचं आहे की ती सवलत काम करायला आलेल्यांना का नाही.

असेच एक पाहुणे एका रॅलीच्या स्टेजवर, म्हणजे शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या टप्प्यावर, डाव्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, येणाऱ्या गाडीकडे पाठ करून स्वतःचं चित्रीकरण करत होते. गाडीचा ताबा सुटला तर ती जिथं जाते नेमकी तीच जागा. मार्शलनं शिट्टीमागून शिट्टी मारली. शेवटी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. त्यांच्या अंगावर आपलं बिब होतं. मी दोरीच्या मागे, टेकाडावर, आत येण्यास अपात्र म्हणून उभी होते. शर्यतीचे फोटो काढणाऱ्याचा पहिला धडा असतो की धावत्या गाडीकडे पाठ करायची नाही. दुसरा, वळणाच्या बाहेर उभं राहायचं नाही. तिसरा, मागे पळायची वाट मोकळी आहे हे आधी बघायचं, मग कॅमेरा डोळ्याला लावायचा. आपल्या अर्जात यांतला एकही प्रश्न नाही.

मला कारण कळवलं नाहीत, पण एरवी आपण दर वेळी सुरक्षेचं कारण पुढे करता आणि सुरक्षेपुढे मी मान झुकवते. ते शब्द मी हलक्यानं घेत नाही. ५ मार्च १९८६ रोजी पोर्तुगालच्या रॅलीत, सिंत्राजवळ, एक फोर्ड गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षक गेले. त्या काळचे फोटो पाहा. लोक रस्त्यात उभे आहेत, गाडीला हात लावायला वाकले आहेत. ७ जुलै २०१३ ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, मार्क वेबर या चालकाच्या गाडीचं चाक पिटमध्ये निसटलं आणि पाठमोऱ्या कॅमेरामनला लागलं. त्याचं गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या. तो अनुभवी माणूस होता, त्याच्याकडे सगळे पास होते. त्यानंतर शर्यतीच्या वेळी पिटमध्ये माध्यमांनी कुठं उभं राहायचं याचे नियम कडक झाले. म्हणजे धडा घेऊन नियम करता येतात. सुरक्षेसाठी माणसाला शिकवावं लागतं, त्याच्याकडून नियम वदवून घ्यावे लागतात, त्याची जागा ठरवून द्यावी लागते. आपण यांतलं काही न करता केवळ ओळख बघून बिब वाटता. आपल्या यादीत सुरक्षा कुठं आहे ते मला दाखवा, मी जाहीर माफी मागेन.

एकदा आपल्या पासच्या टेबलापर्यंत मी पोचले होते. तिथल्या गृहस्थांनी अतिशय अदबीनं विचारलं, 'मॅडम, आपण कोणत्या रायडरबरोबर आलात?' मी म्हटलं, कॅमेऱ्याबरोबर. त्यांनी पाहुण्यांच्या मंडपात पंख्याखाली खुर्ची देऊ केली. माझ्या खांद्यावरची लेन्स त्यांना दिसत होती, तरी ती माझी असेल असं त्यांना वाटलं नाही. मला पंखा नको होता. आणि घाटातल्या स्टेजवर पहाटेपासून दुपारपर्यंत उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी, म्हणजे मार्शल, डॉक्टर, चालकांच्या आया, सगळ्यांसाठी, स्वच्छतागृहाची सोय असावी एवढं तरी आपण पाहाल अशी आशा आहे. त्याला कात्रणं लागत नाहीत.

आता सर्वांत मोठे उपकार. आपण माझा फोटो वापरलात! टेकाडावरून काढलेला, धुळीच्या लोटातून बाहेर येणाऱ्या गाडीचा. मी तो माझ्या पानावर माझ्या नावासह टाकला होता. आपल्या कार्यालयानं तो उचलला, नाव असलेला कोपरा कापला, आपलं बोधचिन्ह लावलं आणि पुढच्या स्पर्धेच्या जाहिरातीत छापला. ज्या छायाचित्रकाराला आपण आत येण्याच्या लायकीची मानली नाहीत, तिचं छायाचित्र आपल्या दारावर टांगण्याच्या लायकीचं ठरलं. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. आपण प्रत्यक्ष दाखवलंत.

मी विचारणा केली तेव्हा आपल्याकडून कळलं की कार्यक्रम आपला, म्हणून फोटोही आपलाच. महोदय, १९५७ चा कॉपीराइट कायदा असं म्हणत नाही. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, हे कलम २ मध्ये लिहिलं आहे. कुणी मोबदला देऊन काढून घेतला असेल, किंवा नोकरीचा भाग म्हणून काढला असेल, तर गोष्ट वेगळी. मला आपण ना पैसा दिलात, ना नोकरी, ना पास. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी द्यावा लागतो, सही करून. आणि हक्क देऊन टाकला तरी कलम ५७ खाली आपलं नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. कर्त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या फोटोचं संरक्षण कर्त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं चालतं. माझ्यासारख्या नवख्या मुला-मुलींनी हे पाठ करून ठेवावं, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे. आपल्याला ते माहीत असणारच.

पासबरोबर जे करारपत्र आपण देता तेही एका मित्रामुळे माझ्या वाचनात आलं. आत येणाऱ्यानं काढलेली सर्व छायाचित्रं आयोजकांना, कायमची, जगभरासाठी, विनामोबदला. जेवणाची दोन कुपनं मात्र पदरात. मित्रानं सही केली, कारण पुढच्या वेळी त्याला कात्रणं लागणार होती. लेन्सचं दोन दिवसांचं भाडं त्यानं स्वतः भरलं, बसचा प्रवास स्वतः केला, धूळ त्याच्या सेन्सरवर बसली आणि फोटो आपले झाले. तरुणांना संधी देतो असं आपण व्यासपीठावरून सांगता तेव्हा तो मला आठवतो.

व्यासपीठावरून आपण आणखीही एक सांगता. या देशात क्रिकेटपलीकडे कुणी बघत नाही, माध्यमं मोटरस्पोर्टला जागा देत नाहीत. आपलं दुःख खरं आहे आणि मला ते आपल्याइतकंच लागतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन आलं आणि गेलं. २०२३ मध्ये हैदराबादच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई धावली, त्याच वर्षी बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली. त्या काही दिवसांत सगळा देश बघत होता. पण कोइमतूरच्या करी स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जे राष्ट्रीय पातळीवर वर्षानुवर्षं धावत आले आहेत, घाटात आणि माळावर जे रॅली आणि मोटोक्रॉस खेळत आले आहेत, त्यांच्याकडे बघायला किती जण येतात? गॅलऱ्या रिकाम्या असतात. अशा रिकाम्या गॅलरीसमोर कुणी स्वतःच्या खर्चानं बघायला आणि इतरांना दाखवायला येतं, त्याला आपण गेटवरून परत पाठवता आणि मग कुणी बघत नाही म्हणता.

मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या हवाई धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून शर्यती होत. माझ्या पिढीनं त्या पाहिलेल्या नाहीत. जे काही ठाऊक आहे ते जुन्या माणसांच्या आठवणींतून आणि कुणीतरी उन्हात उभं राहून काढलेल्या फोटोंतून. आज जे मातीवर घडतं आहे ते पन्नास वर्षांनी कुणाला दिसायचं असेल, तर आज कुणीतरी आत असलं पाहिजे.

नवख्यांना आत घेतलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं आपल्या सेवेत सादर करते. फ्रान्समध्ये १८९४ साली जन्मलेला जाक-आंरी लार्तिग हा हौशी मुलगा. विशीच्या आत त्यानं रस्त्याकडेला उभं राहून शर्यतीच्या गाडीचा एक फोटो काढला. कॅमेरा गाडीबरोबर फिरवला. शटरची फट काचेवरून सरकेपर्यंत गाडी पुढे गेली आणि चाक तिरकं, लंबगोल उमटलं. मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला कलले. गाडी अर्धवट चौकटीबाहेर. जगानं त्याचं काम उचलून धरलं ते १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात प्रदर्शन झालं तेव्हा. वेगाचं चित्र म्हटलं की आजही तोच फोटो पुढे येतो.

दुसरं १९८१ चं. इंग्लंडमधल्या थ्रक्सटनच्या ट्रॅकवर फॉर्म्युला फोर्डची शर्यत, म्हणजे शिकाऊ पोरांची शिडी. कीथ सटन नावाचा तरुण छायाचित्रकार तिथं होता. ब्राझीलचा एक अनोळखी चालक त्याच्याकडे आला आणि म्हणाला की मायदेशी पाठवायला मला फोटो हवे आहेत. त्या चालकाचं नाव आयर्टन सेना. सटन त्याचे फोटो काढू लागला, त्याच्यासाठी प्रसिद्धीपत्रकं लिहून मोठ्या संघांना पाठवू लागला. सेना पुढे तीनदा विश्वविजेता झाला. सटनची छायाचित्रसंस्था या खेळातल्या मोठ्या नावांपैकी एक झाली. दोघंही नवखे होते तेव्हा एकाच पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार होतात त्या आवारात, एकमेकांशी बोलता येईल इतके जवळ होते.

आपल्या पॅडॉकमध्येही असे चालक आहेत. एका मुलाच्या वडिलांनी मला जाळीपलीकडून हाक मारली. गाडीसाठी त्यांनी कर्ज काढलं आहे, टायरचा खर्च झेपत नाही, प्रायोजकांना दाखवायला मुलाचा एकही धड फोटो नाही. अधिकृत छायाचित्रकार पुढच्या तिघांचेच फोटो देतो. मी बाहेरून जमले तेवढे काढून दिले. ते आपल्या अधिकृत फोटोंहून चांगले होते असा माझा दावा नाही. पण ते त्या मुलाचे होते.

आता विनवणी. आपल्याच स्पर्धांत नोव्हिस क्लास असतो. नवख्या मुलाला आपण विश्वविजेतेपदाची कात्रणं मागत नाही. त्याला प्रशिक्षण देता, त्याचं हेल्मेट तपासता, नियम सांगता, झेंडे ओळखायला लावता आणि त्याच्यासारख्याच नवख्यांबरोबर उतरवता. मार्शल व्हायला येणाऱ्या स्वयंसेवकालाही आपण शिकवून उभं करता. या खेळात प्रत्येकासाठी पहिली पायरी आहे, फक्त छायाचित्रकाराला तेवढी नाही. ती एक पायरी बांधा.

ती बांधायला पैसा लागणार नाही. सरावाच्या दिवशी, पात्रता फेरीच्या दिवशी, जेव्हा गर्दी नसते आणि मोठी वर्तमानपत्रं येत नाहीत, तेव्हा दोन-चार नवख्यांना आत घ्या. सकाळी तासभर मार्शलच्या प्रमुखांकडून त्यांना धडा द्या आणि झेंडे, जागा, पळवाटा यांवर तोंडी परीक्षा घ्या. नापास झाला त्याला बाहेर ठेवा. मी नापास झाले तर मलाही. त्यांना वेगळ्या रंगाचं बिब द्या, ठरावीक दोन जागांपलीकडे जाऊ देऊ नका आणि एखाद्या जुन्या छायाचित्रकाराच्या नजरेखाली ठेवा. ब्रिटनमध्ये ट्रॅकच्या आतल्या छायाचित्रकाराकडे सहसा दायित्वाचा विमा मागतात; आपणही मागा, आम्ही काढू. जोखमीच्या कागदावर सही मागा, आम्ही करू. फक्त फोटोंच्या मालकीवर सही मागू नका. जाहिरातीला हवे असतील तर नाव द्या आणि रास्त मोबदला द्या.

आणि अर्जातला तो पहिला रकाना. त्याच्याखाली एक ओळ वाढवा: 'प्रकाशित काम नसल्यास स्वतः काढलेली दहा छायाचित्रं जोडावीत.' मग ती दहा छायाचित्रं कुणीतरी उघडून बघा. पसंत नसतील तर दोन वाक्यांत तसं कळवा आणि कारण द्या. नकाराचं कारण मिळालं तर माणूस सुधारतो.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या घरात असे फोटो काढू पाहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याला या पत्रातला कायद्याचा परिच्छेद कापून द्या, आणि सही करण्याआधी करार वाचायला सांगा.

महोदय, पुढच्या स्पर्धेचा अर्ज मी भरला आहे. प्रकाशित कामाच्या रकान्यात, आपण जाहिरातीत छापलेला माझा फोटो जोडला आहे. त्यावर माझं नाव नाही, ते मी हातानं लिहिलं आहे. या खेपेला उत्तर द्यावं, ही विनंती.

आपली नम्र,
कोल्हापूरची एक छायाचित्रकार